नोंदणीच्या नावाखाली घरातली जुनी चित्रं गेली

ज्यांच्या घरी आजोबा-पणजोबांच्या वेळची चित्रं अजून भिंतीवर आहेत, त्यांनी हे वाचावं म्हणून लिहितोय. यंदाच्या पोळ्यानंतर आमच्या घरातून दोन चित्रं गेली. कुलूप तुटलं नाही की रात्री कोणी आत शिरलं नाही. मीच ती खिळ्यावरून उतरवली, जुन्या धोतरात गुंडाळली आणि त्या माणसाच्या गाडीवर बांधून दिली.

आमचं गाव नांदगाव खंडेश्वर तालुक्यात. वाडा पणजोबांचा, अर्धा पडलेला. सपरी, माजघर आणि देवघर एवढंच वापरात आहे. माजघराच्या भिंतीवर तीन चित्रं होती. कमळावर उभी लक्ष्मी, मोराशेजारी वीणा घेऊन बसलेली सरस्वती आणि तिसरं शकुंतलेच्या जन्माचं: मेनका बाळ पुढे करते आणि विश्वामित्र हात आडवा धरून तोंड फिरवतात, ते. तिन्ही रविवर्म्यांच्या छापखान्यातली. राजा रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत गिरगावात हा छापखाना काढला, काही वर्षांनी तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथून निघालेल्या चित्रांमुळे देव सामान्य माणसाच्या भिंतीवर आले. एकेका रंगासाठी वेगळा दगड तयार करायचा, त्याच कागदावर एकामागून एक रंग चढवायचे, शेवटी वरून रोगण. पणजोबांनी कापूस विकून अमरावतीहून ती आणली, असं आत्या सांगते. लक्ष्मीच्या लुगड्यावर पणजीने खरी जर आणि टिकल्या शिवल्या होत्या. तेव्हाच्या बायका हौसेने तसं करत.

पण आमच्या दृष्टीने चित्रांच्या पुढच्या बाजूपेक्षा मागची बाजू मोठी होती. काचेमागे कागद, कागदामागे देवदारी फळी, आणि त्या फळीवर आजोबांच्या हातची शाई. घरात कोण कधी जन्मलं, तिथी, वार, वेळ. कोणत्या साली पाऊस दगा देऊन गेला. कोणत्या साली विहिरीला पाणी लागलं. जन्माचे दाखले नसलेल्या काळात तोच आमचा दाखला होता.

तो आला तान्ह्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. वय पस्तिशीचं, स्वच्छ शर्ट, गळ्यात ओळखपत्र, पिशवीत मोजायची टेप, बॅटरी आणि पांढरे हातमोजे. हातमोजे घालून त्याने चित्राला हात लावला, आणि माझा निम्मा विश्वास तिथेच बसला. आमच्या पूर्वजांच्या वस्तूला इतक्या आदराने हात लावणारा माणूस मी आधी पाहिला नव्हता. म्हणाला, "काकाजी, शंभर वर्षांवरची वस्तू आहे. १९७२ च्या कायद्याप्रमाणे नोंद लागते. उद्या तपासणी आली आणि कागद नसला तर जप्ती होते."

मी मोबाइलवर पाहिलं. कायदा खरा निघाला, म्हणूनच मी फसलो. पुराणवस्तू आणि कलानिधींसाठी १९७२ चा कायदा आहे. शंभर वर्षांपूर्वीची कलावस्तू त्यात पुराणवस्तू ठरते. हस्तलिखित असेल तर पंचाहत्तर वर्षं पुरतात. अशा वस्तू देशाबाहेर न्यायला सामान्य माणसाला बंदी आहे आणि त्यांचा धंदा करायला परवाना लागतो. पण घरात पिढ्यान्‌पिढ्या असलेली वस्तू बाळगणं हा गुन्हा नाही. काही प्रकारच्या वस्तूंची नोंद करावी लागते हे खरं, पण त्यासाठी मालक स्वतः पुरातत्त्व खात्याच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे फोटोसह अर्ज करतो. दारात गाडीवर आलेल्या माणसाच्या हाती वस्तू सोपवायची नसते. हे मी नंतर वाचलं. तेव्हा कायद्याचं नाव आणि साल जुळलं, एवढ्यावर मी थांबलो.

लक्ष्मी त्याने नेली नाही. "टिकल्या लावून खराब केलंय, याची नोंद होत नाही," म्हणाला. उरलेल्या दोन चित्रांचे चोवीसशे रुपये घेतले, गोल शिक्क्याची पावती दिली, नागपूरला तपासणी होईल म्हणाला. पंधरा दिवसांत चित्रं परत आली, तीही नव्या फ्रेममध्ये, स्वच्छ काचेत, सोबत प्रमाणपत्र. फळीबद्दल विचारलं तर म्हणाला, "काकाजी, फळीला उधई लागली होती. चित्राला लागू नये म्हणून मुद्दाम बदलून आणली." फळी गेल्याचं वाईट वाटलं, पण माणसाने वेळेवर काम केलं म्हणून मी त्याला जेवायला बसवलं. बायकोने त्याच्यासाठी पाटवडीचा रस्सा केला होता.

सोयाबीनच्या कापणीत महिना गेला. दिवाळीच्या साफसफाईला आत्या नेहमीसारखी स्टुलावर चढली. आत्या शहात्तर वर्षांची आहे. लहान वयात विधवा होऊन माहेरी आली, आणि तेव्हापासून दर दिवाळीला ही चित्रं काचेबाहेर काढून कोरड्या कापसाने पुसायचं काम तिचं. दुसऱ्या कोणाला ती हात लावू देत नाही. मी अंगणात होतो, तिने आतून हाक मारली.

"बापू, मोराच्या पायापाशी कसरीनं खाल्लेलं भोक आहे ना, ते बोटाले लागून नाही राह्यलं."

मी पाहिलं. भोक होतं तिथेच होतं, कडांचा तपकिरी रंगसुद्धा तसाच. बोट फिरवलं तर कागद सपाट. भोकाचं चित्र छापलेलं होतं.

"हे आपली सरस्वती नाही होय," आत्या म्हणाली.

पुढचं सगळं तिने केलं. मी फक्त सोबत होतो. तिने माजघराचं दार लावलं, बॅटरी भिंतीला टेकवून तिरपा उजेड चित्रावर पाडला. खरा जुना कागद असा धरला की त्याच्या घड्या, पोपडे, रोगणाच्या भेगा सावली टाकतात. शेजारच्या लक्ष्मीवर तशा सावल्या दिसत होत्या. सरस्वतीवरच्या आणि शकुंतलेवरच्या घड्या नुसत्या दिसत होत्या, सावली कुठेच नाही. मग मुलाचं शाळेचं भिंग आणलं. लक्ष्मीच्या गालावर लहानमोठे, हाताने टिपलेले ठिपके, कडेला एक रंग दुसऱ्यापासून केसभर सरकलेला. दगडावरच्या छपाईची ती खूण. त्या दोघींच्या चेहऱ्यावर सगळीकडे एकसारखा बारीक फवारा, आताच्या छपाईचा. खालच्या पट्टीवर छापखान्याचं नाव होतं, ती पट्टी नव्या फ्रेमच्या पुठ्ठ्याखाली दाबून टाकली होती.

आत्या खाटेवर बसली आणि बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "त्यानं लक्षुमी काहून नाही नेली, ते सांग आंधी."

मला उत्तर सुचलं नाही. तिला ठाऊक होतं. टिकल्यांची नक्कल कागदावर छापता येत नाही. नेली असती तर परत देताना पहिल्याच नजरेत उघडं पडलं असतं. म्हणजे घरात पाऊल ठेवलं तेव्हाच परत काय आणायचं हे त्याचं ठरलेलं होतं. ज्या जर-टिकल्यांना त्याने खराब केलं म्हटलं, त्यांनीच ते चित्र वाचवलं.

मी लगेच पोलिसांकडे निघालो होतो. तिने थांबवलं. आधी माझ्या लग्नाचा अल्बम काढायला लावला. लग्न वाड्यातच झालं, त्यामुळे एका फोटोत आमच्या दोघांच्या मागे सरस्वती स्पष्ट आहे, खालच्या पट्टीसकट. आमच्याकडचं चित्र कसं होतं याचा तो एकच पुरावा. मागच्या बाजूचा फोटो मात्र आम्ही कधी काढलाच नव्हता. तुमच्या घरी असं काही असेल तर आज रात्रीच पुढून आणि मागून, दोन्ही बाजूंचे फोटो काढा. फाटलेल्या जागा, डाग, कसरीची भोकं जवळून घ्या, कारण तीच ओळख असते. फळी, कागद, खिळे काहीही बदलू देऊ नका. कोणी कितीही मोठ्या कार्यालयाचं नाव सांगू दे, वस्तू घराच्या उंबऱ्याबाहेर जाऊ देऊ नका. ज्याला पाहायची आहे तो घरी बसून पाहील. एकट्याने निर्णय घेऊ नका. मी आत्याला विचारलं असतं तर तिने चित्रं जाऊ दिली नसती. त्या दिवशी ती शेजारच्या गावी तेरवीला गेली होती.

फ्रेमा ज्या वर्तमानपत्रात गुंडाळून आल्या, ते आत्याने फेकलं नव्हतं. ती कागद फेकत नाही, फडताळात अंथरते. आता तेच काढून तिने चष्मा लावला. आतल्या पानावर तालुक्याच्या बातम्या आणि निधनवार्ता होत्या, सगळ्या यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा भागातल्या. अमरावतीच्या आवृत्तीत असं पान येत नाही, नागपूरच्याही नाही. "नागपूरले गेलाच नाही थो," ती म्हणाली. "फ्रेम दारव्ह्याले झाली."

दुसऱ्या दिवशी नेरला गाडी बदलून आम्ही दारव्ह्याला गेलो. आत्याला तिकीट लागत नाही, पंचाहत्तरीच्या वरच्यांना एसटी फुकट आहे. काच-फ्रेमच्या दुकानांत तिने फक्त फ्रेमच्या पट्टीचा एक तुकडा दाखवला आणि अशीच पट्टी पाहिजे म्हणून विचारलं. तिसऱ्या दुकानदाराने पट्टी ओळखली. खरं कळल्यावर तो हादरला. त्याच्याकडे माणूस छापलेले कागद आणि जुन्या चौकटी घेऊन आला होता, मजुरी रोख देऊन गेला. असल्या आणखी चार-पाच फ्रेमा त्याने गेल्या दोन महिन्यांत करून दिल्या होत्या. म्हणजे आमचं घर एकटं नाही. यवतमाळ-अमरावतीकडच्या गावांत आणखी कोणाच्या तरी भिंतीवर छापलेली भोकं टांगलेली आहेत, आणि त्या घरच्यांना ते ठाऊक नाही. हे लिहायचं मुख्य कारण तेच.

दुकानदार आमच्यासोबत पोलीस ठाण्यात जबाब द्यायला आला, त्याचे उपकार आहेत. तक्रार फसवणुकीची नोंदवली. पूर्वी ज्याला चारशेवीस म्हणायचो ते आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८. पावती, प्रमाणपत्र, दोन्ही नकला आणि लग्नाचा फोटो जमा केला. पावतीवरचा फोन बंद आहे. पत्ता होता तिथे त्या नावाचं कार्यालय नाही. खरी चित्रं अजून मिळालेली नाहीत.

दुकानातून निघताना आत्याने विचारलं होतं, जुन्या फळ्या कुठे टाकता. दुकानामागे लाकडाचा ढीग होता, चुलीसाठी ठेवलेला. ती पदर खोचून त्या ढिगाशी बसली आणि एकेक तुकडा उलटून पाहू लागली. अर्ध्या तासाने तिच्या हाताला एक फळी लागली, कडेने थोडी चिरलेली. उधईचं एकही भोक नव्हतं. आजोबांची शाई फिकट झाली आहे पण वाचता येते. तिसऱ्या ओळीत आत्याचा जन्म होता, तिथी, वार आणि पहाटेची वेळ. तिने ती ओळ मला मोठ्याने वाचायला लावली, दोनदा.

शकुंतलेमागची फळी ढिगात नव्हती. ती जळून गेली असावी. तिच्यावर माझ्या वडिलांचा जन्म लिहिलेला होता.