उणे ८० की द्रव नायट्रोजन?

जनावरांच्या रोगांचे विषाणू साठवायचे कशात, हा प्रश्न. इंदूरला मे महिन्यात लाईट गेली की उणे ८० अंशांच्या डीप फ्रीजरचा अलार्म आधी कोकलतो. जनरेटर नसेल तर त्या वाटेला जाऊच नये. नायट्रोजनच्या कॅनला विजेचं सोयरसुतक नाही. आत उणे १९६. पण नायट्रोजन उडत राहतो, पट्टी घालून पातळी बघावी लागते. कृत्रिम रेतनासाठी गोठवलेल्या वीर्याच्या कांड्या सांभाळणाऱ्या पशुवैद्यांना हे सवयीचंच.

लंपीचा विषाणू चिवट, कातडीच्या गाठीत उणे ८०ला दहा वर्षंही टिकतो. त्याला फ्रीजर बास. लाळ्या-खुरकुताच्या विषाणूला आम्ल सोसत नाही, कोरड्या बर्फाचा वायू (कार्बन डायऑक्साइड) कुपीत शिरून आम्ल झालं तरी तो मरतो. झाकण घट्ट हवंच. मी रोजच्या कुप्या फ्रीजरमध्ये ठेवीन, मूळ साठा नायट्रोजनच्या वाफेत. द्रवात बुडवलेली कुपी बाहेर काढताना कधीकधी फुटते.