कापडाच्या दोन होड्या, सात महिन्यांनंतर

गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत मी मुलांसाठी दोन कयाक, म्हणजे एकट्याने बसून वल्हवायच्या अरुंद होड्या, बांधल्या. आत लाकडाचा सांगाडा, तोही खिळे न मारता दोऱ्याने बांधलेला, आणि वर ताणून बसवलेलं कापड. पावसाळाभर दोन्ही पडवीत टांगून होत्या. ऑक्टोबरात पाण्यात उतरवल्या आणि आता एप्रिल संपत आलाय. पहिल्याच आठवड्यात लिहायला बसले असते तर नुसतं कौतुक उतरलं असतं, म्हणून थांबले.

आमचं पाणी म्हणजे देवबागची, कर्लीची खाडी. मोठी दहा वर्षांची, धाकटा सात. होड्या पहिल्यांदा किनाऱ्यावर नेल्या तेव्हा शेजारच्या तांडेलकाकांनी टिचकी मारून विचारलं, "गो बाय, ही होडी आसा काय छत्री?" रचना त्यांनी एका शब्दात सांगितली. काड्या आणि कापड, तेवढंच.

आधी सगळ्यात मोठी गोष्ट सांगते, ती म्हणजे वजन. धाकट्याची होडी ७.८ किलो, मोठीची ८.३. किनाऱ्यावर भाड्याने मिळतात त्या प्लॅस्टिकच्या कयाक उचलायला आम्ही नवरा-बायको दोघं लागतो. इथे मोठी आपली होडी खांद्यावर टाकून एकटी चालू लागते. धाकटा डोक्यावर घेतो, मग त्याचे फक्त पाय दिसतात. "आई, होडी काढून दे ना" हे वाक्य सात महिन्यांत ऐकलेलं नाही. आपण होऊन काढतात, आपण होऊन धुऊन ठेवतात. (धुण्याबद्दल थोडी अतिशयोक्ती झाली.)

आता मापं. मूळची ही विद्या ग्रीनलंडच्या इनुइट शिकाऱ्यांची. वर सीलचं कातडं, आत बहुतेक वाहून आलेलं लाकूड, आणि माप ज्याचं त्याच्या अंगाचं: लांबी दोन्ही हात पसरून होणाऱ्या वावेच्या तिप्पट, रुंदी कमरेएवढी अधिक दोन मुठी. वाव, हात, वीत, मूठ ही आपल्याही आजीची मापं, त्यामुळे मी भारावून धाकट्याला भिंतीला टेकवून मोजला. लांबी आली साडेतीन मीटरच्या वर आणि रुंदी ४२ सेंटीमीटर. एवढ्या अरुंद होडीत सात वर्षांचं मूल नुसतं डुचमळत राहील आणि एवढी लांब त्याला वळवता येणार नाही. तो हिशेब सरावलेल्या शिकाऱ्याचा आहे. मी त्याची २.७ मीटर लांब आणि ५४ सेंटीमीटर रुंद केली, मोठीची ३ मीटर आणि ५५. धाकट्याचं माप नेमकं बसलं. मोठीला मात्र ५५ आता जास्त वाटतं. वल्हं मारताना कोपर काठाला घासतं. दहा वर्षांच्या, पोहता येणाऱ्या मुलीला ५० पुरलं असतं.

सांगाड्यासाठी लांब पट्ट्या शिवणीच्या काढल्या. सागापेक्षा हलकं लाकूड आणि फारसं वाकडं होत नाही. शिवणीच्या लाकडावर कापडाची शिवण, हा विनोद मी घरात इतक्यांदा केला की आता कोणी हसत नाही. आडव्या चौकटी १२ मिलिमीटर मरीन प्लायच्या. प्लाय घेताना शिक्का स्वतः वाचा: ७१० हवा, तो मरीन प्लायचा मानक-क्रमांक. दुकानात "वॉटरप्रूफच आहे हो" म्हणून ३०३ गळ्यात मारतात. माझ्याही गळ्यात मारायला निघाले होते.

बसायच्या भोकाची कड माणगा बांबूची. आपला माणगा जवळजवळ भरीव असतो, त्याच्या कांबी आचेवर धरून सुरेख वाकल्या. पण कीड लागू नये म्हणून बोरिक-बोरॅक्सच्या पाण्यात भिजवायच्या असतात, त्या घाईत मी भिजवल्या नाहीत. गणपतीत पडवी झाडताना होडीखाली पिवळट पीठ सापडलं. भुंगा! मोठीच्या होडीची कड पूर्ण बदलावी लागली. चूक शंभर टक्के माझी.

बांधायला जाळ्याचा नायलॉन दोरा वापरला, तोही पहिल्या महिन्यातच सैल पडला, कारण नायलॉन भिजला की वाढतो. तांडेलकाकांनी सगळं सोडायला लावलं, पॉलिएस्टरचा मेणवलेला दोरा घ्यायला सांगितला आणि दोन लाकडांच्या मधून आडवे वेढे देऊन बांधणी आवळायची कशी ते दाखवलं. तेव्हापासून एकही गाठ हललेली नाही. दोऱ्याने बांधलेल्या होडीवर ज्यांचा विश्वास बसत नाही त्यांनी 'कौंडिण्य' आठवावं. अजिंठ्यातल्या चित्रावरून, फळ्या काथ्याने शिवून हे जहाज गोव्यात बांधलं आणि मे २०२५ मध्ये कारवारला नौदलात दाखल झालं. आमची कापडी होडी त्याच्यापुढे कागदाची नाव. पण लाटेवर बांधणी थोडी लवचीक राहते आणि तडकत नाही, हे तत्त्व तेच.

आता कापड. मुद्दाम दोन प्रकार वापरून पाहिले. मोठीच्या होडीला जाड नायलॉन, हाताने शिवलेलं, वर लाकडाला मारतात तो टू-पॅक पीयू, म्हणजे दोन डबे मिसळून लावायचा पॉलियुरेथेनचा लेप. धाकट्याच्या होडीला ट्रकवर घालतात ती जाड पीव्हीसी ताडपत्री, ६५० जीएसएमची (म्हणजे चौरस मीटरला ६५० ग्रॅम). दिसायला नायलॉन कितीतरी देखणं. उन्हात धरलं की मधासारखा रंग, आतला सांगाडा सावलीसारखा दिसतो; फोटो सगळे त्या होडीचेच निघतात. पण दमट दिवशी आणि तासभर पाण्यात राहिली की कापड ढिलं पडतं, पट्ट्यांच्या मध्ये पोट आत जातं आणि होडी जड चालते. वाळली की पुन्हा ताठ. कोकणात वाळलेले दिवस असतात किती? शिवाय हा पीयू फर्निचरचा, त्यामुळे कण्याच्या रेषेवर बारीक तडे गेले आणि जानेवारीपासून आत थेंब-थेंब येतं. पीयू लावणार असाल तर उघड्यावर, चांगला मास्क घालून आणि मुलांना लांब ठेवून. वास गेला म्हणजे धोका गेला असं नाही.

ताडपत्री कुरूप आहे. निळी. कोपऱ्यांना चुण्या पडल्यात. पण सात महिने जशीच्या तशी ताठ आहे. दोनदा फाटली, दोन्ही वेळा कालवांवर. धक्क्याच्या पायऱ्यांवरची कालवं ब्लेडसारखी कापतात. प्लॅस्टिकच्या होडीला ओरखडा जातो, कापडाला चीर. पंक्चरचं सोल्यूशन लावलं ते दुसऱ्या दिवशी साल निघावी तसं निघालं. मग चप्पलवाल्याकडचं पीयू सोल्यूशन आणलं, दोन्ही बाजूंना लावून, सुकू देऊन ठिगळ दाबलं. ते अजून आहे. दुसरं ठिगळ मोठीनेच लावलं.

सुरक्षेचं थोडं. अशा होडीला आत कप्पे नसतात. उलटली की पाणी भरतं आणि कापड बुडण्यापासून वाचवत नाही. म्हणून पुढे-मागे कोल्ड्रिंकच्या दोन लिटरच्या आठ-आठ रिकाम्या बाटल्या, बुचं घट्ट लावून, जाळ्यात बांधून कोंबल्या. खडखड वाजतात, धाकट्याला आवडतं. कमरेएवढ्या पाण्यात प्रत्येकाकडून दहा-दहा वेळा उलटून घेतलं. बसायचं भोक मोठं ठेवलंय, वर झाकणकापड नाही, त्यामुळे मूल आपोआप बाहेर पडतं. लाइफ जॅकेट मुलाच्या वजनाचं आणि मांड्यांमधून पट्टा असलेलंच घ्या. पर्यटकांना देतात ती मोठ्यांची जॅकेटं मुलांच्या डोक्यावरून निघून येतात, मी पाण्यात उभं राहून पाहिलंय.

आणि भरती. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते, हा हिशेब मुलांना पाठ झालाय: चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहा, खाडीत आत जरा उशिराने. भरतीच्या शेवटच्या दीड तासात उतरायचं, पाणी फिरायच्या आत वर यायचं. ओहोटीला संगमाकडे पाणी असं ओढतं की मीही वल्हं मारून थकते. उधाणाच्या दिवसांत होड्या पडवीतच.

वल्ही शिवणीचीच, अरुंद पात्याची, १८० सेंटीमीटर. विकत मिळालेलं एक मोठं होतं, त्याचा दांडा मुलांच्या मुठीत मावत नव्हता. वल्ह्यावर बोलण्यासारखं एवढंच.

खर्च एका होडीला साडेसात हजारांच्या आसपास, माझी मजुरी सोडून. वेळ दोन्ही होड्यांना मिळून सहा-सात आठवडे, शाळेला सुट्टी असल्यामुळे जमलं. धाकट्याचे पाय आता पुढच्या चौकटीला टेकायला लागलेत, म्हणजे अजून एक मोसम, फार तर दीड. त्याची होडी मग भाचीकडे जाईल, तिने आताच निळ्या रंगाबद्दल तक्रार केली आहे. येत्या मे महिन्यात मोठीच्या होडीचं नायलॉन उतरवून ताडपत्री चढवणार. ती "पिवळी आण" म्हणते. मालवणच्या दुकानात पिवळी मिळाली नाही, कणकवलीला विचारून ठेवलंय.