पिस्तूल दुरुस्तीच्या नावाखाली १२,१०० रुपयांची टोपी

ग्वाल्हेरात लायसन्सचं .३२ पिस्तूल अडकायला लागलं, की चारजण लश्कर भागातल्या एकाच मिस्त्रीकडे पाठवतात. तो म्हणाला, ''दुकानात नको, घरी घेऊन या.'' तिथंच उठायला हवं होतं! पण भिंतीवर लायसन्स टांगलेलं. त्याची मुदत संपलीय का, हे कोण वाचत बसतं?

हिशेब तोंडी: एक्स्ट्रॅक्टर (रिकामं कवच ओढणारा आकडा) ४,२००, रिकॉइल स्प्रिंग (स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, पुढे ढकलणारी) २,६००, मॅगझीन (काडतुसं भरायची पेटी) स्प्रिंग १,८००, रॅम्प (काडतूस नळीत चढतं तो उतार) पॉलिश ३,५००. एकूण १२,१००, यूपीआयवर, तेही भलत्याच नावाच्या खात्यात. जुने पार्ट मागितले, तर ''भंगारात गेले''. जुना पार्ट हातात पडल्याशिवाय पैसे सोडू नका.

'नवी' रिकॉइल स्प्रिंग म्हणजे जुनीच, दोन वेटोळी कापलेली. कारखान्यातल्या स्प्रिंगचं टोक बहुधा सपाट मिटलेलं असतं. हे उघडं, चकाकतं, वर ग्राइंडरचे ओरखडे. अशा स्प्रिंगने स्लाइड पुढे पुरती बसत नाही आणि मागे जाताना फ्रेमवर आदळते. एक्स्ट्रॅक्टरही जुनाच, घासून चमकवलेला. मॅगझीनची स्प्रिंग नुसती ताणलेली, ती लगेच बसणारच. सगळ्यात वाईट रॅम्प: इतका घासला की काडतुसाच्या बुडाचा आधार गेला, काडतुसाचं कवच फुटू शकतं. असं पिस्तूल चालवू नका, हे भरून येत नाही.

आणि खरा दोष मॅगझीनचाच! दोन मॅगझीनवर १, २ लिहून रेंजवर आलटून पालटून लावा. अडकणं एकाच्याच मागे लागलं, तर पिस्तुलाला कुणाला हात लावू देऊ नका. .३२ च्या काडतुसाला बुडाशी जराशी बाहेर आलेली कडा असते. वरच्याची कडा खालच्याच्या मागे गेली, तरी तिथंच गाडी अडते. भरतानाच बघा, फुकट आहे.

ठाण्यात गेलं की उलट तपासणी: ''हत्यार दिलंच कसं?'' शस्त्र कायदा १९५९ चं कलम ५ दुरुस्तीलाही लायसन्स मागतं, हे त्यांना सांगावं लागतं, मिस्त्रीला विचारायचं सोडून! शस्त्र शाखा ठाण्याकडे बोट दाखवते, ठाणं कलेक्टोरेटकडे. १८१ या सीएम हेल्पलाइनवर तक्रार टाकली, तर एक फोन न करता 'निराकरण झालं' असा मेसेज. बँक म्हणते, पैसे तुम्हीच पाठवलेत. हत्यार देताना त्याच्या नंबरासकट पावती घ्या, रजिस्टरात नोंद बघा. ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंत फी नाही म्हणे. पण तिथंही पहिला प्रश्न, पावती कुठंय?