हँडब्रेक की शटर एन्कोडर? एडिटर फाइल घेत नसेल तेव्हा

घरच्या व्हिडिओंचं एडिटिंग शिकायला जेवढा वेळ जात नाही, तेवढा फाइल आत घेताना जातो. वडोदऱ्याच्या मराठी घरांत तर सगळेच प्रकार एका कपाटात सापडतात. लग्नाच्या व्हीसीडी आणि डीव्हीडी, नवरात्रात हँडीकॅमवर धरलेला गरबा, आणि परदेशातल्या मावशीने आयफोनवरून पाठवलेल्या क्लिपा. तिन्हींची जात वेगळी. एडिटर कधी फाइल घेतच नाही, कधी चित्र घेतो आणि आवाज सोडतो, तर कधी दोन्ही घेतो आणि थोड्या वेळाने टाळी एकीकडे आणि ढोल दुसरीकडे जायला लागतो.

अशा वेळी फाइल आधी एडिटरला पचेल अशी करून घ्यावी लागते. त्यासाठी फुकटातली दोन सॉफ्टवेअर मी आलटून-पालटून वापरली आहेत: हँडब्रेक आणि शटर एन्कोडर. ऑनलाइन कन्व्हर्टर मी मोजत नाही. त्यांना फाइलच्या आकाराची मर्यादा असते, आणि घरातल्या मुंजीचं शूटिंग कुठल्याशा अनोळखी सर्व्हरवर चढवायला मन धजत नाही.

दोन्हींत जास्त फॉरमॅट कोण उघडतं, हा प्रश्न मुळात फारसा उरत नाही. फाब्रिस बेलार याने २००० साली सुरू केलेला एफएफएमपेग हा व्हिडिओ उघडण्या-बदलण्याचा मुक्त प्रकल्प दोघांच्याही पोटात आहे, त्यामुळे एकाने उघडलेली फाइल बहुतेक वेळा दुसराही उघडतो. फरक पडतो तो फाइल उघडल्यावर ते तिचं काय करतात यात.

त्याआधी एक काम मात्र करा. मीडियाइन्फो नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात अडलेली फाइल टाकून बघा. फाइलच्या नावामागचं शेपूट काहीच सांगत नाही. एमटीएस, एमकेव्ही, एमओव्ही हे नुसते डबे आहेत. आत चित्र एका पद्धतीने बांधलेलं असतं आणि आवाज दुसऱ्या. एडिटरला कधी डबा नको असतो, कधी आतला आवाज, कधी चित्रच. शिवाय 'फ्रेम रेट मोड'पुढे 'व्हेरिएबल' दिसलं, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम हा आकडा मध्येच बदलत असला, तर टाळी आणि ढोल फुटण्याचं कारण तिथेच सापडलं म्हणून समजा. एवढं निदान न करता कन्व्हर्ट करत बसणं म्हणजे वेळ घालवणं.

हँडब्रेकबद्दल आधी चांगलं बोलतो, कारण ते बोलण्यासारखं खूप आहे. २००३ साली बीओएस नावाच्या, आता विस्मरणात गेलेल्या ऑपरेटिंग सिस्टिमवर त्याचा जन्म झाला, आणि डीव्हीडीशी त्याचं नातं तेव्हापासूनचं. लग्नाच्या डीव्हीडीत व्हिडिओ_टीएस फोल्डर असतो आणि त्यात सुमारे एकेक जीबीचे व्हीओबी तुकडे. ते सुटे उचलून एडिटरमध्ये ओढले, तर जोडाच्या जागी काही ना काही बिघडतंच. हँडब्रेकला तो अख्खा फोल्डर दाखवला की तो त्याला एक सलग शीर्षक म्हणून वाचतो. तुकड्यांची गोष्ट आपल्या कानावरही येत नाही. आपल्याकडची डीव्हीडी पाल पद्धतीची, ७२० × ५७६ पिक्सेलची. पडद्यावर तिचं माप ताणून योग्य करायचं असतं, नाहीतर नवरदेव विनाकारण बारीक दिसतो. तेही हँडब्रेक आपणहून सांभाळतो. कडेच्या काळ्या पट्ट्या कापतो. रांग लावून ठेवली की एकामागून एक काम उरकतो. स्क्रीनही समजायला सोपी. माझ्या मोठ्या बहिणीने एकदा बघून घेतलं आणि पुढे तिला मला फोन करावा लागला नाही.

शटर एन्कोडर उघडला की पहिल्या नजरेत हे काही जमत नाही. एक लांबलचक यादी खाली उतरते: कन्व्हर्ट करणं, जोडणं, कापणं, आवाज बदलणं, प्रोरेस आणि डीएनएक्सएचआर (एडिटिंगसाठी सोयीचे पण जड फॉरमॅट) आणि आणखी बरंच. शेजारी चौकटींची गर्दी. बटणांना मराठी नावं नाहीत हे तर झालंच, पण इंग्रजी नावंही स्टुडिओत काम करणाऱ्यांना कळतील अशी. नवख्याला द्यायची वस्तू ही नव्हे, असं कुणी म्हणालं तर मी वाद घालणार नाही.

तरीही माझा हात आता आधी तिकडेच जातो. कारण एकच.

सोनी आणि पॅनासॉनिकने २००६ साली एव्हीसीएचडी नावाचा फॉरमॅट आणला. पुढे कितीतरी वर्षं हँडीकॅम त्यातच शूट करत होते. त्या एमटीएस फाइलींत चित्र असतं एच.२६४ या दाबण्याच्या पद्धतीचं, जे आजचा जवळपास प्रत्येक एडिटर आनंदाने घेतो. आवाज मात्र बहुधा डॉल्बीचा एसी-३. डॉल्बीच्या परवान्याचा प्रश्न असल्यामुळे कित्येक एडिटर तो वाचतच नाहीत, किंवा विंडोजच्या भरवशावर सोडून देतात. माझ्या एडिटरमध्ये झालं ते हेच. गरब्याचं चित्र लखलखीत, टाइमलाइनवर आवाजाची पट्टी रिकामी. बिघाड फक्त आवाजाचा. चित्राला हात लावायचं काहीच कारण नाही.

आणि नेमकं हेच हँडब्रेकला जमत नाही. आवाज आहे तसा पुढे पाठवायची सोय त्यात आहे, चित्र आहे तसं पाठवायची नाही. तुमचं दुखणं डब्याचं असो की आवाजाचं, हँडब्रेक चित्र उकलणार आणि पुन्हा बांधणार. याला मी दोष म्हणत नाही. तो त्या कामासाठीच बनवलेला आहे, आणि त्याचे कर्ते ते लपवतही नाहीत. पण माझ्या कामाच्या ते आड येतं, आणि गरब्याच्या बाबतीत तर फारच.

रात्रीचं मैदान, वर फ्लडलाइट, सावलीत दाणेदार अंधार, हजारो माणसं गोल फिरताहेत, चणियाचोळीवरचे आभले दर क्षणाला वेगळीकडे चमकताहेत. व्हिडिओ दाबून लहान करणाऱ्या कुठल्याही पद्धतीची याहून कठीण परीक्षा मला तरी माहीत नाही. कॅमेऱ्याने ते चित्र एकदा दाबलेलं असतंच. हँडब्रेकमध्ये ते दुसऱ्यांदा दाबलं जातं, आणि एडिटिंग संपवून अंतिम फाइल काढताना तिसऱ्यांदा. मी काही यंत्राने मोजमाप केलेलं नाही, पण मोठ्या टीव्हीवर बघताना आभल्यांच्या जागी चौकोनी ठिपके मला दिसतात, आणि घरातल्या इतरांनाही दाखवले की दिसतात.

त्यात आणखी एक गोष्ट आहे. या कॅमेऱ्यांचं चित्र बहुतेकदा १०८०आय, म्हणजे सेकंदाला ५० अर्ध्या फ्रेमचं असतं. हँडब्रेकच्या नेहमीच्या प्रीसेटमध्ये, म्हणजे तयार सेटिंगमध्ये, दातेरी कडा काढणारा डीकॉम्ब फिल्टर आपोआप चालू असतो, आणि तो ५० अर्ध्यांच्या २५ पूर्ण फ्रेम करतो. मुलाखतीला, भाषणाला हे चालून जातं. गिरकीला नाही. फिल्टरमध्ये 'बॉब' आणि फ्रेम रेट ५० निवडून ५० च्या ५० राखता येतात, पण दर वेळी ते आठवणीने करायचं किंवा स्वतःचा प्रीसेट साठवून ठेवायचा. आणि वेळ? माझ्या जुन्या लॅपटॉपला तासाभराचं शूटिंग द्यायचं म्हणजे रात्री लावून झोपायचं. ऑक्टोबरच्या वडोदऱ्यात त्याचा पंखा जसा ओरडतो, ते ऐकत झोप लागली तर.

शटर एन्कोडरच्या यादीत 'रीरॅप' नावाचं काम आहे. ते चित्र जसंच्या तसं उचलतं, नव्या डब्यात ठेवतं, आणि सांगितलंत तर सोबत फक्त आवाज एडिटरला चालेल असा पीसीएम किंवा एएसी करून देतं. चित्राचा एक पिक्सेलही हलत नाही. प्रोसेसरला यात जवळपास काही काम नाही, वेळ लागतो तो हार्ड डिस्कच्या वाचण्या-लिहिण्याचा. तासाभराची फाइल चहा उकळेपर्यंत तयार असते. चुकीचा पर्याय निवडला गेला तरी रात्र वाया जात नाही, परत करायचं.

पूर्ण सुख यातही नाही. चित्र अजून एच.२६४ चंच असल्यामुळे जुन्या संगणकावर टाइमलाइन पुढे-मागे सरकवताना अडखळते. त्यावर बरेच जण प्रोरेस किंवा डीएनएक्सएचआर करून घ्यायला सांगतात, आणि शटर एन्कोडर तेही करतो. फक्त जागेचा हिशेब आधी करा. १७ एमबीपीएसचं (सेकंदाला १७ मेगाबिट) एव्हीसीएचडी तासाला साडेसात जीबीच्या आसपास बसतं. तेच १०८०, २५ फ्रेमचं प्रोरेस ४२२ केलं की तासाला ५५ जीबी. घरच्या कामाला मी एडिटरमधलीच प्रॉक्सी (कामापुरती हलकी प्रत) चालू करतो आणि मूळ चित्र तसंच ठेवतो.

हँडीकॅमच्या फाइलींचा विषय निघालाच आहे तर जोडांचंही सांगतो, कारण इथे दोन्ही सॉफ्टवेअरच्या आधीचं काम आहे. कार्डावर फाइली साठवायची फॅट३२ पद्धत एका फाइलला ४ जीबीच्या पुढे जाऊ देत नाही. काही कॅमेरे तर २ जीबीलाच तोडतात. १७ एमबीपीएसला २ जीबीचा हा तोड दर पंधरा-सोळा मिनिटांनी पडतो. आमच्याकडचा गरबा एकदा चढला की मध्ये थांबत नाही, त्यामुळे तोड हमखास टाळीच्या मधोमध येतो. तुकडे वेगवेगळे कन्व्हर्ट करून मग टाइमलाइनवर शेजारी ठेवले, तर जोडावर एक बारीक गचका बसतो. डोळ्याला कळत नाही, पण ताल अंगात असलेल्या माणसाला लगेच कळतो. म्हणून तुकडे आधी मूळ रूपातच एकापुढे एक जोडायचे. विंडोजची जुनी कॉपी आज्ञा बायनरी पद्धतीने चालवली की ते होतं, कॅमेऱ्यासोबत आलेल्या सॉफ्टवेअरनेही बहुधा होतं. मग त्या एका सलग फाइलचं रीरॅप. आणि कार्डावरून उतरवताना प्रत्येक कार्डाला वेगळा फोल्डर करा. एमटीएस फाइलींची नावं प्रत्येक कार्डावर शून्यांपासूनच सुरू होतात आणि एकमेकांवर बसतात.

आयफोनच्या क्लिपांना मात्र माझा कल थोडा उलटा होतो. २०१७ च्या आयओएस ११ पासून आयफोन एचईव्हीसी या एच.२६४ पेक्षा नव्या पद्धतीत शूट करतो, आणि विंडोजवर त्याचं एक्स्टेन्शन बहुधा मायक्रोसॉफ्टच्या दुकानातून वेगळं विकत घ्यावं लागतं. शिवाय फोन फ्रेम रेट कमी-जास्त करत राहतो. इथे चित्र नव्याने बांधल्याशिवाय सुटका नाही, म्हणजे रीरॅपचा उपयोगही नाही. मग हँडब्रेकच बरा. फक्त फ्रेम रेटखाली 'कॉन्स्टंट' निवडायला विसरू नका, कारण नेहमीच्या प्रीसेटमध्ये ते 'पीक' असतं आणि तसंच ठेवलं तर बदलता फ्रेम रेट बदलताच राहू शकतो. त्यात 'प्रॉडक्शन' नावाचे प्रीसेट खास एडिटिंगसाठीच दिलेले आहेत. फाइली अवाढव्य होतात, पण क्लिपा लहान असल्या की चालतं. सर्वांत सोपं म्हणजे पाठवणाऱ्यालाच सांगणं: कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये फॉरमॅट्सखाली 'मोस्ट कम्पॅटिबल', एचडीआर बंद, आणि व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ म्हणून नव्हे तर डॉक्युमेंट म्हणून पाठव. मावशीला हे समजावण्यापेक्षा कन्व्हर्ट करणं सोपं वाटेल, तो भाग वेगळा.

"मामा, तू एडिटरच बदल ना," असं माझा भाचा म्हणतो, आणि त्याचं अगदी चूक नाही. शॉटकट आणि केडेनलाइव्ह दोन्ही फुकट आहेत, एफएफएमपेगवरच उभे आहेत, आणि समोर येईल ते बहुतेक सगळं घेतात. बदलत्या फ्रेम रेटची फाइल टाकली की स्वतःहून विचारतात, हिला एडिटिंगजोगी करून देऊ का? तुमचा हात अजून कुठल्या एडिटरवर बसला नसेल, तर तिथूनच सुरुवात करणं शहाणपणाचं ठरेल. माझा बसला आहे, आणि या वयात सगळे शॉर्टकट नव्याने शिकायची हौस नाही.

व्हीसीडी राहिली. तिच्या .डॅट फाइलीत असतं ३५२ × २८८ पिक्सेलचं एमपेग-१. पुष्कळदा नुसतं नाव बदलून .एमपीजी केलं तरी एडिटर घेतो. नाही घेतली तर हँडब्रेक. गुणवत्तेचा आरएफ आकडा (जितका कमी तितकं चित्र चांगलं) १८ च्या खाली ठेवा, फाइल तरीही लहानच होते. माप मोठं करून फुलएचडी काढू नका, त्याने नुसती फाइल फुगते. आणि कन्व्हर्ट करण्याआधी सगळी डिस्क हार्ड डिस्कवर उतरवून घ्या. मध्येच अडकली तर दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून बघा. माझ्याकडची एक नव्या यूएसबी ड्राइव्हने वाचली नाही, जुन्या डेस्कटॉपमधल्याने वाचली.