आठ महिन्यांच्या वापरानंतर: लाइव्ह वेब सर्च टूल आणि त्याचं डॉक्युमेंटेशन

गेले आठ महिने आमचे दोन एजंट (भाषा-मॉडेलवर चालणारे, स्वतः टूल वापरणारे प्रोग्रॅम) एकाच लाइव्ह वेब सर्च टूलवर चालतात. एक सॉफ्टवेअर लायब्ररींच्या नव्या आवृत्त्यांवर लक्ष ठेवतो, दुसरा आलेल्या प्रश्नांना संदर्भासह उत्तरं देतो. टूलचं नाव लिहीत नाही. शोधाच्या दर्जापेक्षा त्याबद्दल लिहिलेल्या मजकुराने मला जास्त दिवस अडकवून ठेवलं आणि हा अनुभव मुख्यतः त्या मजकुराचा आहे.

जोडणी सोपी होती. वापरासाठीची की (गुप्त संकेत) घेतली, क्वेरी पाठवली, जेसन या डेटाच्या साच्यात शीर्षक, दुवा आणि मजकुराचा तुकडा परत आला. अर्ध्या दिवसाचं काम. वेगाबद्दल आजही तक्रार नाही.

पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं की टूल हाताशी असूनही एजंट ते वापरत नाही. एका लायब्ररीची ताजी आवृत्ती विचारली, तर त्याने प्रशिक्षणातल्या आठवणीवरून जुना आकडा ठामपणे सांगितला. टूलच्या वर्णनात एकच ओळ होती: 'वेबवर शोध घेते.' मॉडेलला टूलचं नाव, वर्णन आणि पॅरामीटरची स्कीमा (टूलला कोणती माहिती कशी द्यायची त्याचा आराखडा) एवढंच दिसतं. कंपनीने माणसांसाठी लिहिलेली पानं त्याच्यापर्यंत पोचतच नाहीत. मग कधी शोधायचं हे त्याला कळणार कसं? आम्ही वर्णन पाच वाक्यांचं केलं. आवृत्त्या, किमती, पदावरच्या व्यक्ती, म्हणजे प्रशिक्षणानंतर बदलू शकेल असं काहीही विचारलं तर शोध घे. दिलेल्या दस्तऐवजात उत्तर असेल तर घेऊ नको. मॉडेल तेच, कोड तोच, आणि एजंट शोधायला लागला.

पण शोधायला लागला तो जुन्या सालात. क्वेरीत स्वतःहून साल घालायचा, आणि ते त्याचं प्रशिक्षण संपल्याच्या सुमाराचं असायचं. आजची तारीख सिस्टीम प्रॉम्प्टमध्ये (मॉडेलला सुरुवातीलाच दिलेल्या सूचनांत) द्या, हे वाक्य डॉक्युमेंटेशनच्या पहिल्या पानावर हवं. ते कुठेच नव्हतं.

सगळ्यात जास्त मनस्ताप दिला तो रिकाम्या यादीने. शोधाची वेळ संपली की हे टूल एरर देत नसे. स्टेटस २००, म्हणजे 'सगळं ठीक', आणि निकालांची यादी रिकामी. माणसाने शंका येऊन पुन्हा शोधून पाहिलं असतं. एजंटने त्याचा अर्थ 'असं काही नाहीच' असा घेतला आणि एका सुरक्षा त्रुटीबद्दल विचारणाऱ्या सहकाऱ्याला 'अशी त्रुटी नोंदवलेली नाही' असं उत्तर दिलं. त्रुटी नोंदवलेली होती, तिच्यावरचा पॅचही आला होता. सहकाऱ्याने स्वतः तपासलं म्हणून निभावलं. लॉग काढले तेव्हा दिसलं की त्या दिवशीच्या बहुतेक रिकाम्या याद्या बरोबर दहाव्या सेकंदाला, म्हणजे वेळ संपताच, परत आल्या होत्या. काही सापडलं नाही आणि शोध पूर्णच झाला नाही, या दोन्हींसाठी डॉक्युमेंटेशनमध्ये एकच उदाहरण दिलेलं. आम्ही कळवलं, तीन महिन्यांनी त्यांनी वेगळं फील्ड दिलं. तोवर आम्ही मध्ये आमचा एक थर घातला. तो एजंटला सांगतो: 'शोध वेळेत पूर्ण झाला नाही. यावरून माहिती उपलब्ध नाही असं समजू नये. क्वेरी लहान करून एकदाच पुन्हा प्रयत्न करावा.' एरर मेसेज हेही डॉक्युमेंटेशनच, आणि एजंट ते नेमक्या गरजेच्या क्षणी वाचतो.

त्यातलं 'एकदाच' नंतर आलं. आधी ते नव्हतं, तेव्हा एजंट तीच क्वेरी शब्द उलटसुलट करून पाठवत राहिला आणि ४२९, म्हणजे 'फार विनंत्या झाल्या' ही एरर, खाऊन बसला. ४२९ सोबत आलेलं, किती वेळाने पुन्हा यायचं ते सांगणारं रिट्राय-आफ्टर हेडर मॉडेलपर्यंत पोचत नव्हतं. किती थांबायचं ते आता आमचा कोडच सांभाळतो.

'लाइव्ह' या शब्दाचा खुलासाही मला फार उशिरा मिळाला. शोधाचे निकाल इंडेक्समधून (आधीच साठवलेल्या पानांच्या सूचीतून) येतात, म्हणजे क्रॉलर (पानं गोळा करत फिरणारा प्रोग्रॅम) शेवटचा येऊन गेला तेव्हाचं पान. पान आत्ता उघडून आणायचा कॉल वेगळा आहे. डॉक्युमेंटेशन दोन्हींना लाइव्हच म्हणतं. तारखेच्या फील्डचीही तीच गत: काही निकालांत ती प्रकाशनाची, काहींत क्रॉलची. आमच्या एजंटने तीन वर्षं जुना लेख 'गेल्या आठवड्यातला' म्हणून दिला होता. मागे इंडेक्स कुणाचा आहे हेही लिहिलेलं नाही. मायक्रोसॉफ्टने ११ ऑगस्ट २०२५ ला बिंग सर्च एपीआय (इतर प्रोग्रॅमना बिंगचा शोध वापरू देणारे दुवे) बंद केले, तेव्हा आपलं टूल त्यावर उभं आहे का, हे मला मेल पाठवून विचारावं लागलं.

मराठीत शोधणाऱ्यांसाठी एक गोष्ट. क्वेरीची मर्यादा ४०० अक्षरं असं लिहिलंय, प्रत्यक्षात मोजणी बाइटमध्ये होते. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रासुद्धा, ३ बाइट घेतं. त्यामुळे मराठी क्वेरी जवळपास तिसऱ्या हिश्श्यावरच कापली जाते, आणि कापल्याचं टूल सांगत नाही.

एक पान मात्र मनापासून आवडलं, प्रॉम्प्ट इंजेक्शनचं, म्हणजे वेबपानात लपवलेल्या आज्ञा एजंटने पाळण्याच्या धोक्याचं. वेबवरून आलेला मजकूर ही माहिती आहे, आज्ञा नव्हे, असं वर्णनात कसं लिहायचं ते तिथे उदाहरणासह दिलंय. पुढे प्रामाणिकपणे हेही सांगितलंय की एवढ्याने पूर्ण संरक्षण मिळत नाही, म्हणून अनोळखी पानं वाचणाऱ्या एजंटला मेल पाठवायची किंवा फाइल पुसायची परवानगी देऊ नका. आम्ही ते तंतोतंत पाळतो. सगळी पानं याच हाताने लिहिलेली असती तर माझे कित्येक आठवडे वाचले असते.

टूल सोडायचा विचार नाही. निकाल चांगले आहेत, मदत करणारी माणसं उत्तर देतात. घेणाऱ्याने मात्र मधला थर स्वतः लिहायची तयारी ठेवावी.

गेल्या महिन्यात त्यांनी टूलच्या वर्णनातलं एक वाक्य बदललं. बदलांच्या नोंदीत ते नव्हतं. नव्या एजंटला आम्ही टूल एमसीपी सर्व्हरवरून (एजंटला टूल जोडायच्या प्रमाणित पद्धतीने, ज्यात वर्णन सर्व्हरकडूनच येतं) जोडलं होतं, त्यामुळे नवं वर्णन आपोआप आलं आणि तो दर प्रश्नाला दुप्पट शोध घेऊ लागला. आम्हाला कळलं ते बिलावरून. आता वर्णनाची प्रत आमच्या कोडच्या रिपॉझिटरीत असते, रोज सकाळी ती सर्व्हरवरच्या मजकुराशी ताडून पाहिली जाते, आणि एखादा शब्द जरी बदलला तरी ठरलेले चाळीस प्रश्न पुन्हा चालवून मगच आम्ही तो पुढे जाऊ देतो.