व्हेरिओ: डाव्या कानाने केलेलं परीक्षण

माझा डावा कान अर्धा गेलेला आहे. आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं परीक्षण त्याच कानातून झालंय. खालचे सूर नीट येतात, वरचे येत नाहीत. कुणी तार सप्तकात शिरलं की त्या बाजूला सामसूम. आणि ज्या वस्तूबद्दल लिहायला बसलोय तिचं कामच मुळी सूर वाजवण्याचं.

वस्तू म्हणजे व्हेरिओ. रेडिओवर उडवायच्या ग्लायडरच्या पोटात बसणारी, अंगठ्याच्या पेराएवढी डबी. तिची एक वायर विमानातल्या रिसीव्हरच्या टेलिमेट्रीच्या (विमानाकडची माहिती खाली पाठवण्याच्या) जागी जोडायची, की झालं. विमान चढत असेल तर हातातल्या ट्रान्समीटरमधून टुक-टुक-टुक असा चढता सूर येतो. उतरत असेल तर एकसलग, रडका, घसरता सूर. कंपनीचं नाव लिहीत नाही. ज्या खोड्या सांगणार आहे त्यातल्या बहुतेक या जातीच्या सगळ्याच डब्यांत असतात, उगाच एकालाच बदनाम कशाला करा.

मी ती बसवली दोन मीटर पंखांच्या फोमच्या ग्लायडरमध्ये. नाकावर मोटर आहे, मोटर थांबली की प्रोपेलरची पाती मागे मिटतात. मोटरने शंभर मीटरवर न्यायचं, मोटर बंद करायची आणि तिथून खरा खेळ सुरू. हवा स्थिर असेल तर माझं विमान सेकंदाला साधारण अर्धा मीटर खाली येतं, म्हणजे शंभर मीटरची शिदोरी सव्वातीन मिनिटांत संपते. त्याहून जास्त वेळ वर राहायचं तर वर जाणारी हवा गाठावी लागते. तिलाच आम्ही थर्मल म्हणतो: तापलेल्या जमिनीवरून सुटलेला गरम हवेचा फुगा, नाहीतर उभा लोट.

आता अडचण बघा. खऱ्या ग्लायडरमध्ये बसलेल्या वैमानिकाला थर्मल लागला की खुर्ची खालून ढकलते, त्याच्या अंगालाच ते कळतं. तरीही त्या लोकांना यंत्र लागलंच. १९२० च्या दशकाच्या शेवटी रॉबर्ट क्रोनफेल्ड यांनी ग्लायडरमध्ये व्हेरिओ पहिल्यांदा वापरला, कल्पना अलेक्झांडर लिपिश यांची. आपण तर जमिनीवर मान वर करून उभे. दीडशे मीटरवरचं विमान सेकंदाला अर्धा मीटर चढतंय की उतरतंय हे डोळ्याने सांगणं, निदान माझ्या डोळ्याने, अशक्य. शेपूट जरा उचलल्यासारखी वाटते, एखादा पंख हलकेच वर ढकलला जातो, एवढ्याच खुणा. मी दोन वर्षं त्या खुणांवर उडवत होतो, म्हणजे खरं तर घारींवर उडवत होतो. घार घिरट्या घालताना दिसली की विमान तिकडे पळवायचं. मी पोचेपर्यंत घार ढगाला टेकलेली आणि मी सिंकमध्ये. सिंक म्हणजे थर्मलच्या आजूबाजूला खाली बसणारी हवा, आणि ती मात्र मला न शोधता सापडायची.

डबी काम कशी करते ते थोडक्यात सांगतो, कारण तिच्या खोड्या त्यातूनच निघतात. आत हवेचा दाब मोजणारी चिप असते. समुद्रसपाटीजवळ हवेचा दाब एक लाख एक हजार पास्कलच्या घरात असतो आणि एक मीटर वर गेलं की तो जेमतेम १२ पास्कलने कमी होतो. माझ्या डबीच्या कागदावर १० सेंटिमीटरपर्यंतचा फरक ओळखते असं लिहिलंय. म्हणजे एक लाखातला साधारण एक पास्कल. टेबलावर ठेवून हाताने वर उचलली तर खरंच टुक करते. पहिल्या संध्याकाळी मी घरात लहान मुलासारखा ती वर-खाली करत बसलो होतो. दार धाडकन बंद झालं तरी ओरडते, कारण खोलीतला दाब हलतो.

मैदानावरचा पहिला दिवस मात्र वाया गेला. विमान उन्हाकडे वळलं की डबी किंचाळायची, पाठ फिरवली की रडायची. मला वाटलं, प्रत्येक वळणावर थर्मल! मी वेड्यासारखा एकाच जागी गोल-गोल फिरत राहिलो आणि विमान शांतपणे खाली येऊन गवतात बसलं. दोन बॅटऱ्या अशाच संपल्यावर लक्षात आलं की माझी कॅनोपी, म्हणजे विमानाच्या पोटावरचं झाकण, पारदर्शक आहे आणि तिच्यातून ऊन थेट डबीच्या भोकावर पडतंय. या दाबमापक चिपा उजेडाला हळव्या असतात, ऊन पडलं की आकडा उडी मारतो. काळ्या मऊ स्पंजचा एक तुकडा भोकावर चिकटवला आणि किंचाळणं बंद. स्पंज असा हवा की हवा आतबाहेर जाईल पण उजेड जाणार नाही. एवढं एक वाक्य माहितीपत्रकात असायला काय हरकत होती? माहितीपत्रक म्हणजे चार घड्यांचा कागद, त्यातला निम्मा डबी गिळू नका वगैरे सांगण्यात गेलाय.

दुसरी खोडीही पोटातल्या हवेचीच. मोटर आणि बॅटरी थंड राहावी म्हणून विमानाच्या नाकात भोकं असतात. वेग वाढला की त्यातून हवा जोरात शिरते, पोटातला दाब वाढतो आणि डबीला वाटतं आपण खाली आलो. मी बाहेर जाणारं भोक आत येणाऱ्यापेक्षा मोठं केलं, तेव्हा हे बरंच कमी झालं.

तिसरी खोडी मोठी, आणि तिच्यावर स्पंजचा उपाय नाही. एलेव्हेटरची (नाक वर-खाली करणारी) स्टिक मागे ओढली की विमान वेग खर्चून उंची घेतं. डबीला वेगाचं काही कळत नाही, तिला फक्त उंची कळते. मग ती आनंदाने टुक-टुक करते आणि आपण फसतो. हिशेब करून बघा: सेकंदाला १५ मीटर वेगावरून १० मीटरवर आलात तर सहा मीटरहून थोडी जास्त उंची मिळते, हवेने काडीची मदत न करता. थर्मल हवेत नसून अंगठ्यात असतो. मोठ्या ग्लायडरमध्ये यावर इलाज असतो, वेग आणि उंची दोन्हींचा मिळून हिशेब ठेवणारा, त्यासाठी शेपटीजवळ एक खास नळी लावतात. मॉडेलसाठीही तसले व्हेरिओ मिळतात, पण माझा साधा आहे. मग मीच शिस्त लावून घेतली. वेग एकसारखा ठेवायचा, स्टिकला जेवढ्यास तेवढा हात, आणि सूर चढला तर दोन सेकंद काही करायचं नाही. दोन सेकंदांनंतरही टिकला तर तो हवेचा, विरला तर माझा. या शिस्तीमुळे माझं उडवणं इतकं गुळगुळीत झालं की डबीचा सगळ्यात मोठा फायदा कदाचित तिच्या या दोषातूनच झाला.

दोन सेकंद थांबण्याला आणखी एक कारण आहे. डबी आकडे गाळून, सरासरी काढून देते, त्यामुळे सूर थोडा उशिरा येतो. तेवढ्यात विमान दहा मीटर पुढे गेलेलं असतं. ३० अंश कलून, सेकंदाला ९ मीटर वेगाने फिरलं की वर्तुळाची त्रिज्या १४-१५ मीटर येते आणि फेरी दहा सेकंदांत पूर्ण होते. त्या फेरीत सूर एका बाजूला चढतो, दुसऱ्या बाजूला पडतो. जिकडे चढतो तिकडे पुढची फेरी थोडी सरकवायची. हे मला आधी पुस्तकी माहीत होतं, पण कानाने कळलं तेव्हा कुठे हाताला कळलं. शिवाय थर्मल वाऱ्याबरोबर वाहत जातो, त्यामुळे वर्तुळही वाहू द्यायचं. फक्त आपण वाऱ्याच्या दिशेने किती लांब गेलो यावर एक डोळा हवा, परत येताना समोरून वारा असतो.

आता सेटिंग. डबी घेतलीत आणि एवढं एक केलं नाहीत तर पैसे पाण्यात, म्हणून सावकाश सांगतो. ट्रान्समीटरमध्ये व्हेरिओला एक शांत पट्टा असतो, त्या पट्ट्यात काही वाजत नाही. माझ्याकडे तो मुळात शून्याच्या दोन्ही बाजूंना सारखा होता: सेकंदाला उणे अर्ध्या मीटरपासून अधिक अर्ध्यापर्यंत. ऐकायला न्याय्य वाटतं, पण ग्लायडरसाठी चूक. माझं विमान स्थिर हवेतच अर्धा मीटर खाली येतं. ते फक्त दहा सेंटिमीटरने खाली येत असेल तर भोवतालची हवा चाळीस सेंटिमीटरने वर चाललीय. तो थर्मलचा काठ आहे, आणि डबी तिथे गप्प! मी पट्टा उणे ०.८ ते उणे ०.३ असा खाली सरकवला. आता विमान उतरत असतानाही डबी हळूच टुक करते, म्हणजे इथे काहीतरी आहे, बघ जरा. माझे निम्मे थर्मल या हळूच केलेल्या टुकमधून सापडले. वरची मर्यादाही दहा मीटर होती, ती तीनवर आणली. आमच्या विमानांना सेकंदाला दहा मीटर चढ कोण देणार? मर्यादा कमी केली की तेवढ्याच फरकाला सूर जास्त हलतो.

आणि कान. मैदानावर चार माणसं उडवत असतात, त्यांना माझी टुक-टुक ऐकवणं बरं नाही, म्हणून एका कानात इअरफोन लावतो. कुठल्या कानात? चांगला कान मोकळा ठेवावाच लागतो, कारण कुणीतरी ‘लँडिंग!’ म्हणून ओरडलं तर ते ऐकू आलंच पाहिजे. ही सुरक्षेची गोष्ट आहे, तिथे तडजोड नाही. राहिला डावा. सूर मुळात सातशे हर्ट्झपासून वर चढत जायचे. थर्मल जेवढा चांगला तेवढा मला कमी ऐकू यायचा! उत्तम थर्मलमध्ये तर पूर्ण शांतता. मी सगळं सप्तकच खाली ओढलं, अडीचशेपासून सातशेपर्यंत. ट्रान्समीटरच्या छोट्या स्पीकरवर हे खालचे सूर घोगरे येतात, इअरफोनवर छान येतात. ही सोय दिल्याबद्दल ट्रान्समीटर बनवणाऱ्यांना शंभरपैकी शंभर.

एका गोष्टीने मात्र पोटात गोळा आणला होता. विमान लांब होतं आणि ट्रान्समीटरमधली बाई म्हणाली, ‘टेलिमेट्री लॉस्ट.’ हात थरथरले, विमान गेलं म्हणून धरलं. काही गेलं नव्हतं. विमानाकडून आपल्याकडे येणारा संदेश आपल्याकडून विमानाकडे जाणाऱ्या संदेशापेक्षा बहुधा आधी तुटतो, आणि स्टिक हलवल्यावर विमान मुकाट्याने वळलं. तरी ती घोषणा इशारा समजून विमान जवळ आणावं. रिसीव्हरची अँटेना पोटात दुमडून ठेवली होती, ती सरळ केल्यावर बाई पुन्हा बोलली नाही.

मुलीला ही डबी अजिबात पटलेली नाही. ती एफ५जे, म्हणजे मोटर लावलेल्या ग्लायडरच्या स्पर्धांची तयारी करते. त्यात मोटर जास्तीत जास्त ३० सेकंद चालवता येते, विमानातलं यंत्र सुरुवातीची उंची नोंदवतं आणि दोनशे मीटरपर्यंत दर मीटरला अर्धा गुण कापला जातो, त्यावर दर मीटरला तीन. म्हणजे जेवढं खालून थर्मल पकडाल तेवढं बरं. आणि उडताना उंचीची टेलिमेट्री नियमाने बंद. ‘बाबा, जे स्पर्धेत चालत नाही त्याची सवय कशाला लावून घेऊ? तू विमान बघतोस की रेडिओ ऐकतोस?’ असं तिचं म्हणणं. प्रश्न खोचक आहे आणि थोडा खराही. सूर लागला की मी विमानाकडे बघणं कमी करतो. एकदा तर सुंदर चढत्या सुरात विमान सूर्याच्या रेषेत गेलं आणि तीनेक सेकंद मला काही म्हणजे काही दिसलं नाही. कान खूश, डोळे रिकामे. त्यानंतर व्हेरिओचा आवाज तीन जागांच्या बटणावर टाकला: बंद, फक्त चढ, चढ-उतार दोन्ही. लँडिंगला वळलो की बंद. त्या वेळी तो रडका सूर ऐकून काय करायचंय, उतरतोय हे मला ठाऊक असतं.

घ्यावी का? ग्लायडर उडवायला नुकतंच शिकत असाल तर नको. आधी सरळ हातफेक, वाऱ्यात तोंड करून उतरणं आणि गुरुत्वमध्य नीट बसवणं जमू द्या. नाकजड विमानात कुठलाही व्हेरिओ रडतच राहणार. उतारावरच्या वाऱ्यावर उडवत असाल तर फारशी गरज नाही, तिथे चढ कुठे आहे हे टेकडीच सांगते. सपाट मैदानावर उडवत असाल, वर्ष-दोन वर्षं झाली असतील आणि तीन मिनिटांची भिंत ओलांडता येत नसेल, तर जरूर घ्या. मात्र आधी बघा की तुमचा रिसीव्हर टेलिमेट्री देतो का आणि त्याची भाषा डबीला कळते का. एका कंपनीची डबी दुसरीच्या रिसीव्हरशी बोलेलच असं नाही.

पाच तारे दिले असते. एक तारा त्या माहितीपत्रकासाठी कापला आणि अर्धा वायरच्या लांबीसाठी. वायर इतकी आखूड आहे की डबी रिसीव्हरला चिकटूनच बसवावी लागते, नेमकी कॅनोपीखाली, उन्हात.