रेनॉक्स डीसीआर-२५०: मॅक्रो व्हिडिओसाठी कशी आहे?

मॅक्रो लेन्सचं बजेट नाही पण मुंगीचं तोंड स्क्रीनभर बघायचंय, तर आधी ही क्लोजअप लेन्स, म्हणजे आहे त्या लेन्सपुढे लावायचं भिंग, बघा. ५२ ते ६७ मिमी फिल्टर थ्रेड असलेल्या लेन्सच्या तोंडावर क्लिपने खटकन बसते, आटे फिरवत बसायला नको, किडा पळायच्या आत लागलेली असते. क्लिप प्लास्टिकची आहे, दिसायला अगदीच खेळण्यातली, पण पकड चांगलीये.

पॉवर +८ डायॉप्टर (भिंगाच्या ताकदीचं माप) म्हणजे फोकल लेंथ १२५ मिमी, त्यामुळे मागची लेन्स २५० मिमीवर नेऊन फोकस इन्फिनिटीला (सगळ्यात लांबवर) ठेवला की सरळ २x मिळतं, म्हणजे किडा सेन्सरवर खऱ्याच्या दुप्पट उमटतो, साधी किटमधली टेलीफोटो पण चालते. १८-५५ मिमीच्या किट लेन्सवर मात्र लावू नका, वाइडला कोपरे काळे येतात आणि हाती काही लागत नाही.

मला आवडली ती उजेडामुळे. एक्स्टेन्शन ट्यूब (कॅमेरा आणि लेन्सच्या मधे बसणारी पोकळ नळी) उजेड खाते, ही जवळपास खातच नाही, आणि व्हिडिओत सगळी मारामारी उजेडाचीच असते ना! फोटोवाले फ्लॅश मारून, फोकस स्टॅकिंग (वेगवेगळ्या फोकसचे फोटो एकत्र जोडणं) करून मोकळे होतात, हलत्या किड्याचं स्टॅकिंग कसं करणार? २x ला लेन्सचं छिद्र एफ/११ इतकं बारीक ठेवलं तरी शार्प पट्टा अर्ध्या मिलिमीटरच्याही आतला, छिद्र आणखी बंद करावं तर डिफ्रॅक्शनने (बारीक छिद्रातून प्रकाश पसरल्याने) सगळंच मऊ पडतं, वर स्लो मोशन हवं असेल तर शटर स्पीड वाढवावा लागतो म्हणजे अजून उजेड. डिफ्यूजर लावलेला एलईडी अगदी जवळ आणायचा, दुसरा इलाज नाही.

पण जमलं की काय दिसतं! मुंगी पुढच्या पायाच्या खाचेतून मिशी ओढून घेते, त्या खाचेत बारीक केसांचा कंगवा असतो, तो चक्क दिसतो.

आता कटकटी. फोकस इन्फिनिटीला असला की झूम कितीही करा, किडा लेन्सपासून साधारण १२ सेंटिमीटरवरच पाहिजे, मुंग्या आणि उडी मारणारे कोळी ठीक, फुलपाखरं एवढ्या जवळ कोण येऊ देतंय. ऑटोफोकस नुसता पुढेमागे भटकतो, तो बंदच ठेवा. फोकस रिंगनेही फारसा फरक पडत नाही, अख्खा कॅमेराच केसभर पुढेमागे सरकवावा लागतो आणि हाताने ते होत नाही, स्टॅबिलायझर कितीही भारी असू दे. त्यामुळे ट्रायपॉडवर बसणाऱ्या फोकसिंग रेलचे पैसे आधीच बाजूला काढून ठेवा.